हिरवा ठिपका आणि साठ दिवस

प्रश्न : न्यू जर्सीत राहणाऱ्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअर ताईंचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. वय ४६. पुण्यात बरीच वर्षं नोकरी करून २०१४ मध्ये त्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत गेल्या. ग्रीन कार्डसाठी मालकानं भरलेला अर्ज, म्हणजे आय-१४०, मंजूर आहे; ईबी-२ या नोकरीवर आधारित गटात प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, २०१७ ची. नवरा एच-४ ईएडीवर, म्हणजे जोडीदाराला मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर, नोकरी करतो, मुलगी सोळा वर्षांची. गेल्या वर्षी टीमला ३३ वर्षांचा नवा मॅनेजर आला, पाठोपाठ पंचविशीतली तीन मुलं आली : दोघं ओपीटीवर (शिक्षणानंतर विद्यार्थ्यांना मिळणारी कामाची तात्पुरती परवानगी), एक एच-१बीवर. त्यांना केटी, म्हणजे आपल्या कामाची सगळी माहिती, द्यायचं काम ताईंकडे आहे. त्या लिहितात, "ही मुलं रात्री अकराला मेलला उत्तर देतात. मी मागे पडतेय असं दिसू नये म्हणून दुसऱ्या देशातल्या टीमबरोबरच्या सकाळी सातच्या ऑफशोअर कॉलपासून रात्री दहाच्या कॉलपर्यंत लॉगिन असते. स्वयंपाक करतानाही अधूनमधून माऊस हलवून येते, म्हणजे चॅटवरचा ठिपका हिरवा राहतो. मुलगी जेवायला बोलवायचं तर वरून मेसेज करते. नोकरी गेली तर साठ दिवसांत देश सोडावा लागेल. या वयात मला कोण घेणार? तक्रार करावी तर वयाचं संरक्षण सिटिझन लोकांना, आपल्याला नाही. अजून जोर लावू, की गाशा गुंडाळून पुण्याला परत जाऊ?"

ताई,

तुमच्या पत्रात एक ओळ कंसात आहे. २०१४ मध्ये ज्यांनी तुम्हाला केटी दिली ते गृहस्थ ५८ वर्षांचे होते, पाचच्या ठोक्याला बॅग उचलून पार्किंगकडे चालू लागायचे आणि तुम्ही नवी मंडळी त्यांच्या माघारी हसायचात. केटी संपल्यावर दोन महिन्यांत त्यांची नोकरी गेली. एवढं लिहून तुम्ही कंस बंद केला आहे. मला मात्र तुमच्या सगळ्या प्रश्नाचं मूळ तिथेच दिसतं.

हसल्याची टोचणी लागली असेल, तर ती तूर्त बाजूला ठेवा. त्यांची नोकरी तुम्ही घालवली नव्हती आणि वाचवणंही तुमच्या हातात नव्हतं. पण ती का गेली, याबद्दल तेव्हा मनात एक समजूत बसली असावी : पाचला निघणारा माणूस जातो, रात्री उशिरापर्यंत बसणारा टिकतो. बारा वर्षं तुम्ही त्या समजुतीवर जगत आला आहात. ती खरी आहे का, हे आपण आधी तपासू.

एच-१बीच्या अर्जाआधी मालकाला अमेरिकेच्या कामगार खात्याकडे एलसीए हा पगाराची हमी देणारा अर्ज भरावा लागतो, हे तुम्हाला माहीत आहे. त्यात त्या भागातल्या त्या कामाचा प्रचलित पगार चार पातळ्यांत ठरलेला असतो. पहिली पातळी नवख्याची, चौथी मुरलेल्याची. नव्या मुलाला पहिल्या पातळीचा पगार देणं पूर्ण कायदेशीर आहे. पहिल्या आणि चौथ्या पातळीत दरवर्षी हजारो डॉलरचा फरक पडतो. ओपीटीवरच्या विद्यार्थ्यासाठी तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा मालकाचा ७.६५ टक्के वाटाही बहुतेकदा भरावा लागत नाही. तिथे कित्येक वर्षं 'परदेशी विरुद्ध स्थानिक' असा वाद घातला जातो, पण पगाराच्या तक्त्यात खरी रेघ अनुभवी आणि नवखा यांच्यामध्ये आहे. २०१४ मध्ये तुम्ही त्या रेघेच्या एका बाजूला होतात आणि ते गृहस्थ दुसऱ्या बाजूला. आता त्यांच्या जागी तुम्ही आहात. व्हिसा तोच राहिला, तुमची रेघेची बाजू मात्र बदलली. पत्रात त्या तीन मुलांवरचा राग मला जाणवला. तो समजू शकते, पण तो चुकीच्या पत्त्यावर जातोय.

त्या मुलांचंही एकदा बघा. ओपीटीचे १२ महिने आणि विज्ञान-तंत्रज्ञान (स्टेम) शिकलेल्यांना मिळणारी वाढीव २४ महिन्यांची मुदत, एवढाच काळ त्यातल्या दोघांच्या हातात. त्यात एच-१बीच्या वर्षाला ८५,००० जागांच्या लॉटरीत नाव लागायला हवं. रात्री अकराला मेलला उत्तर देणारा मुलगा तुम्हाला हरवायला बसलेला नाही, तो घाबरलेला आहे. तुम्ही एकमेकांचे हिरवे ठिपके बघून जागत बसला आहात.

आता तासांचा हिशेब. अमेरिकेत १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स कायद्यानं आठवड्याला ४० तासांपुढच्या कामाला दीडपट मजुरी ठरवली, पण त्याच कायद्यात आज कॉम्प्युटरच्या कामाला सूट आहे. आठवड्याला किमान ६८४ डॉलर पगार असलेल्या आणि प्रोग्रॅमिंग किंवा सिस्टिम ॲनालिसिसचं काम करणाऱ्या माणसाला ओव्हरटाइम देण्याचं बंधन नाही. म्हणजे तुमचा एकेचाळिसावा तास आणि पासष्टावा तास दोन्ही कंपनीला फुकट पडतात. फुकटच्या गोष्टीची नोंद कुणी ठेवत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. या सदराकडे वळण्याआधी मी काही वर्षं एका कंपनीच्या एचआरमध्ये होते आणि लेऑफची यादी तयार होताना दोनदा त्या खोलीत बसले आहे. पडद्यावर एक्सेल होतं. नाव, पद, वार्षिक खर्च, प्रोजेक्ट, प्रोजेक्ट कधी संपणार, हेच काम दुसरं कोण करू शकतं, एवढे रकाने. एका बाईंचं नाव आलं. रात्री एक वाजता आलेले त्यांचे मेल मी स्वतः वाचले होते. मी म्हटलं, "या खूप काम करतात." सगळ्यांनी मान हलवली. मग कुणीतरी विचारलं, "पण प्रोजेक्ट डिसेंबरला संपतोय ना?" आणि कर्सर पुढच्या ओळीवर गेला. त्या मान हलवण्याची मला आजही लाज वाटते. तुम्ही जो जोर लावताय त्याला त्या तक्त्यात रकानाच नाही, ताई. 'हेच काम दुसरं कोण करू शकतं' आणि 'प्रोजेक्ट कधी संपणार', हे दोन रकाने खरे. त्यासाठी वेळ हवा, आणि तो सगळा तुम्ही ठिपका हिरवा ठेवण्यात घालवताय.

केटी हातची राखून द्यावी असा सल्ला तुम्हाला मैत्रिणी देतील. मी देणार नाही. लपवलेलं ज्ञान चार महिने पुरतं आणि तेवढ्यात तुमचं नाव खराब होतं. केटी मनापासून द्या, पण तोंडी देऊ नका. लिहून द्या, त्यावर तुमचं नाव असू द्या आणि शेवटचा भाग पाठवतानाच मॅनेजरला विचारा की हे काम या तारखेला मोकळं होतंय, तर पुढच्या तिमाहीत माझ्याकडे काय असेल. उत्तर आलं तर तुम्ही चालू प्रोजेक्टच्या बाहेर पाय ठेवला. नाही आलं, किंवा गोलमोल आलं, तर तेही उत्तरच समजा आणि बाहेर शोधायला लागा. लेऑफचे कागद यायच्या आधी मिळालेले तीन-चार महिने फार मोलाचे असतात.

वयाचं संरक्षण सिटिझन लोकांनाच असतं ही समजूत मात्र आजच सोडा. ती साफ चुकीची आहे आणि तुमच्यासारख्या हजारो जणांचं तोंड बंद ठेवते. १९६७ चा वयाच्या भेदभावाविरुद्धचा कायदा चाळिशी ओलांडलेल्या आणि अमेरिकेत काम करणाऱ्या सगळ्यांना लागू आहे. अट आहे ती मालकाकडे किमान २० कर्मचारी असण्याची. पासपोर्ट कुठला, व्हिसा कुठला, हे तो कायदा विचारत नाही. २०१९ मध्ये गूगलनं चाळिशीपुढच्या दोनशेहून जास्त उमेदवारांच्या दाव्यात १ कोटी १० लाख डॉलरची तडजोड केली. आरोप मान्य केले नाहीत, पण पैसे दिले. मात्र दावा सिद्ध करणं अवघड असतं, हे लपवत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या एका निकालानंतर फेडरल कायद्याखाली वय हेच निर्णायक कारण होतं असं दाखवावं लागतं. एखादा 'फ्रेश एनर्जी हवी' असा शेरा एकटा पुरत नाही.

म्हणून एक वही करा. कागदाची, घरातली. कोण काय म्हणालं, कोणत्या तारखेला, समोर कोण होतं, एवढंच. कंपनीची कागदपत्रं स्वतःच्या मेलवर पाठवू नका. असं केलं म्हणून लोकांना कामावरून काढतात आणि मग वयाचा मुद्दा बाजूलाच राहतो. तक्रारीची मुदत लक्षात ठेवा : न्यू जर्सीत केंद्राच्या समान रोजगार संधी आयोगाकडे (ईईओसी) ३०० दिवस, राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे १८० दिवस. तक्रार केलीच पाहिजे असं मी म्हणत नाही. दार उघडं आहे हे माहीत असलं की माणूस जरा ताठ बसतो.

आणि कधी लेऑफचे कागद समोर आलेच, तर त्या दिवशी सही करू नका. सेव्हरन्सच्या, म्हणजे काढून टाकताना दिल्या जाणाऱ्या रकमेच्या, बदल्यात वयाच्या भेदभावाचा दावा सोडून देण्याची अट त्यात हमखास असते. १९९० च्या कायद्याप्रमाणे चाळिशीपुढच्या माणसाला विचार करायला २१ दिवस द्यावे लागतात, अनेकांना एकत्र काढत असतील तर ४५, आणि सही केल्यानंतरही ७ दिवस ती मागे घेता येते. एकत्र काढताना कोणत्या पदावरचे, किती वयाचे लोक काढले आणि कोण ठेवले याची यादीही जोडावी लागते. ती यादी नीट वाचा. तुमच्या राज्याचा नियम तर आणखी बरा आहे : १०० किंवा जास्त कर्मचाऱ्यांची कंपनी एकदम ५० किंवा जास्त लोकांना काढत असेल तर ९० दिवसांची नोटीस आणि नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे एक आठवड्याचा पगार द्यावाच लागतो. एप्रिल २०२३ पासून हे लागू आहे.

साठ दिवसांची भीती मात्र खरी आहे. नोकरी संपल्यापासून ६० दिवस किंवा आय-९४ ची, म्हणजे तिथे राहण्याच्या परवानगीची, मुदत, यातलं जे आधी येईल ते. पण ते घड्याळ नेमकं कधी सुरू होतं हे बघा. साधारणपणे ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळाला तो शेवटचा दिवस धरतात, नोटीस हातात पडली तो नाही. सेव्हरन्सचे पैसे त्यात मोजत नाहीत. त्यामुळे नोटीस मिळाली की पहिला प्रश्न लेखी विचारायचा : माझी टर्मिनेशनची तारीख कोणती? आणि त्या साठ दिवसांत नव्या मालकाचा अर्ज इमिग्रेशन खात्याकडे दाखल होणं पुरेसं असतं, मंजुरी येईपर्यंत थांबावं लागत नाही.

'या वयात मला कोण घेणार' असं तुम्ही विचारता. व्हिसाच्या बाजूनं बघितलं तर एखाद्या मालकाला नव्या मुलापेक्षा तुम्ही सोप्या आहात. तुम्हाला लॉटरी नाही, त्या जागांत तुमची गणना २०१४ लाच झाली. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस उलटल्यामुळे जुन्या मालकानं तो मागे घेतला तरी तुमची २०१७ ची प्रायॉरिटी डेट राहते आणि तिच्या जोरावर एच-१बीच्या नेहमीच्या सहा वर्षांपुढची तीन-तीन वर्षांची मुदतवाढ नवा मालकही घेऊ शकतो. पर्म (ग्रीन कार्डसाठी लागणारी कामगार खात्याची मंजुरी) आणि आय-१४० त्याला पुन्हा करावे लागतील, त्यात बराच काळ जातो, पण रांगेतली जागा तुमचीच. सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं परदेशातून नव्यानं आणायच्या एच-१बी कर्मचाऱ्यामागे मालकावर १ लाख डॉलरची अट आली. अमेरिकेत राहून मालक बदलणाऱ्याला ती लागू नाही, असं इमिग्रेशन खात्यानं नंतर स्पष्ट केलं. मुलाखतीला जाल तेव्हा हे स्वतः, स्वच्छ शब्दांत सांगा. रिक्रूटरला हे बारकावे माहीत असतीलच असं नाही, तो 'एच-१बी' एवढंच ऐकून फाईल बाजूला ठेवतो.

पुण्याला परतण्याचा विचार मला पळपुटेपणाचा मुळीच वाटत नाही. कितीतरी जण परत येऊन सुखानं राहतात. पण वयाच्या आणि तासांच्या भीतीपोटी येत असाल तर दोन्ही गोष्टी इथेही आहेत. खासगी नोकरीतल्या वयाच्या भेदभावाविरुद्ध आपल्याकडे असा स्वतंत्र केंद्रीय कायदाच नाही. आणि तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, असं २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले तेव्हा किती जणांनी माना डोलावल्या ते तुम्ही तिथून वाचलंच असेल. शिवाय एकदा बाहेर पडलात आणि पुन्हा जायचं ठरलं तर तो १ लाख डॉलरचा प्रश्न तुमच्या नव्या मालकापुढे उभा राहू शकतो. परत यायचं तर आई-वडिलांसाठी या, घरासाठी या, या कामाचा कंटाळा आला म्हणून या. मॅनेजर ३३ वर्षांचा आहे म्हणून येऊ नका.

मुलीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, 'सगळं तिच्यासाठीच चाललंय.' तिच्या बाबतीतली तारीख तुमच्या नोकरीपेक्षा कडक आहे. एकविसाव्या वर्षी ती तुमच्यावर अवलंबून असलेल्या एच-४ व्हिसातून बाहेर पडेल. आय-१४० जितके दिवस प्रलंबित होता तेवढे दिवस तिच्या वयातून वजा होतात, पण तुमची प्रायॉरिटी डेट करंट झाली, म्हणजे रांगेत तुमची पाळी आली, तरच त्याचा उपयोग. दरवर्षीच्या १,४०,००० नोकरीआधारित ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा असताना २०१७ ची तारीख पाच वर्षांत येईल या भरवशावर तिचं कॉलेज ठरवू नका. तिला स्वतःचा एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागेल असं धरून फीचा आणि राज्याच्या कॉलेजांचा हिशेब आतापासून करा. आणि तो तिच्यासमोर बसून करा. चार वर्षांची असताना ती तिथे आली, तिला यातलं अर्धंमुर्धंच माहीत असणार. तुम्ही रोज पंधरा तास तिच्यासाठी जागताय, पण हे बोलायला तुमच्याकडे एक तास उरत नाही.

म्हणून सुरुवात रात्री दहाच्या कॉलपासून करा. सगळं एकदम सोडायला मी सांगत नाही. सात आणि दहा यातला एकच कॉल तुमचा, दुसरा ऑफशोअर लीडनं चालवायचा आणि दर महिन्याला अदलाबदल, असा प्रस्ताव मांडा. 'मला जमत नाही' असं लिहू नका, 'दोन्ही वेळांना निर्णय घेणारा माणूस हजर राहील' असं लिहा, कारण तेही खरंच आहे. मॅनेजरनं नाही म्हटलं तर वहीत नोंद करा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा. आणि त्या तीन मुलांपैकी एखाद्यानं रात्री अकराला तुम्हाला मेल केली, तर उत्तर सकाळी द्या. त्यालाही झोपायची परवानगी मिळेल.

वाचलेल्या तासांत आधी एक फाईल करा. प्रत्येक आय-७९७ (इमिग्रेशन खात्याची नोटीस), आय-१४० ची मंजुरी, डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचं आणि कापलेल्या कराचं विवरण), पगाराच्या स्लिपा आणि तुमच्या एलसीएची प्रत. ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्यावरची पगाराची पातळी तुमच्या आजच्या कामाशी जुळते का तेही पाहून घ्या. मग एका इमिग्रेशन वकिलाला स्वतःचे पैसे देऊन अर्धा तास भेटा. कंपनीचा वकील कंपनीचा असतो, तो कितीही गोड बोलला तरी. मी वर लिहिलेले नियम बदलत राहतात. पाऊल उचलण्याच्या दिवशी काय लागू आहे हे त्यालाच विचारा.

आणि एक गोष्ट या आठवड्यातच करा. नवा मालक पुन्हा पर्म भरेल तेव्हा २०१४ च्या आधीच्या अनुभवाची पत्रं लागतील : कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, कोणतं काम, कोणत्या तंत्रज्ञानावर, आणि खाली त्या काळी तुमचं काम पाहिलेल्या माणसाची सही. तुमचे पुण्यातले तेव्हाचे मॅनेजर आता साठीला आले असतील. ते अजून कंपनीच्या लेटरहेडवर सही करू शकतात तोवर त्यांना फोन करा.